फळीवरची पट्टी

"अहो सुदर्शन, ती चमचमती पट्टी एवढ्यात काढू नका हं! कबुतरं फिरकत नाहीत गच्चीवर," वारज्याहून कांताबाई फोनवर म्हणाल्या, आणि सुदर्शनच्या तोंडातला पेढा तोंडातच राहिला.

पेढे प्रयोगशाळेत त्याच्या वरिष्ठ पूर्णिमा मॅडमनी वाटले होते. प्रयोगशाळेतून लेसरचा किरण कांताबाईंच्या गच्चीवरच्या काळ्या फळीवर सोडायचा आणि माघारी येणारा मरतुकडा उजेड मॅडमच्या क्वांटम ॲम्प्लिफायरने मोठा करायचा. धुक्यात, धुरात लांबचं दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप. आठ वर्षं नुसती हुलकावणी, आणि आज पडद्यावरची रेघ टेकडीसारखी उभी राहिली. बरं, शुक्रवारी मॅडम निवृत्त होणार. निकाल आला तर काम पुढे चालायचं, नाहीतर तेही त्यांच्याबरोबर घरी.

नेम धरताना मात्र फळीवर चमकती पट्टी चिकटवतात. ती उजेड सरळ परत फेकते, नेम पटकन लागतो. मग पट्टी काढायची आणि खरी मोजणी करायची. सकाळी "नेम लागला, पट्टी काढा" असा मॅडमचा फोन आला, तेव्हा हा गडी गच्चीवर कांताबाईंच्या पोह्यांवर आडवा हात मारत होता! "हो मॅडम" म्हणाला आणि ताटली संपवून तसाच खाली उतरला.

कोणाला कळणार होतं? संध्याकाळी गुपचूप जाऊन पट्टी काढली की झालं. पण पलीकडच्या टेबलाशी मॅडम फोनवर म्हणत होत्या, "आई, जमलं गं एकदाचं!" आणि डोळे पुसत हसत होत्या. सुदर्शनला स्वतःची लाज वाटली. त्यांचा फोन संपेपर्यंत तो कसाबसा थांबला.

"मॅडम, फळीवरची पट्टी काढायची राहिली."

"कोणाकडून?"

"माझ्याकडून. कांताबाईंचा फोन होता. म्हणाल्या, कबुतरं येत नाहीत."

मॅडमनी पेढ्यांच्या खोक्याला झाकण लावलं. "म्हणजे आठ वर्षं खपून मी कबुतरं हाकलत होते म्हणायचं. जा, काढून या."

भर उन्हात तो पुन्हा गच्चीवर चढला. पट्टी सोलून काढली, मुठीत धरली आणि फोन लावला.

"काढली, मॅडम."

पलीकडे मॅडमनी मोजणी पुन्हा घेतली.

"काही नाही हो. रेघ आडवी. या आता, ऊन आहे." मग म्हणाल्या, "संस्थेच्या साहेबांना मी कळवते, फळी तपासायची माझ्याकडून राहिली म्हणून."

"मॅडम, चूक माझी आहे!"

"माझी नोकरी संपलीच. तुमची कायम व्हायचीय अजून."

फोन बंद झाला. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

कांताबाई पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. "जमलं का हो मॅडमचं? चांगल्या आहेत बिचाऱ्या."

सुदर्शनने चुरगळलेली पट्टी उलगडली, गच्चीच्या कठड्यावर लावली आणि सुटलेला कोपरा चिकटेपर्यंत अंगठ्याने दाबत राहिला.

"आता नाही यायची कबुतरं," तो म्हणाला.