घाटाखाली टिकणारा कूलर

धम्मशीलाला बघायला पाहुणे यायचे होते त्याच दुपारी तिच्या कम्प्युटरने मान टाकली. टाकली ती कुठे, तर मोतीरामभाऊंचा चेहरा उगवत्या सूर्यातून नाकापर्यंत वर आला होता, आणि तिथेच पडदा काळा झाला.

मोतीरामभाऊ म्हणजे दुसरबीडच्या जयंती समितीचे सचिव. मिरवणुकीत गाडीवर मोठा स्क्रीन लागणार होता आणि त्यावर चालवायचा व्हिडिओ धम्मशीला बनवत होती. समितीतल्या प्रत्येकाने सूर्यातून वर यायचं, हात जोडायचे आणि ठिणग्यांमध्ये विरून जायचं, अशी मागणी होती. आपला सूर्य बाकीच्यांपेक्षा जरा मोठा हवा, हीही मोतीरामभाऊंची मागणी होती, पण ती त्यांनी एकट्यात सांगितली होती. व्हिडिओ संध्याकाळी द्यायचा होता. एवढे सूर्य एकामागून एक उगवायचे म्हणजे प्रोसेसरला घाम फुटणारच. त्यात डोक्यावर पत्रे, एप्रिलचं ऊन, आणि शेजारच्या खोलीत भाव वाढेल म्हणून जानरावांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, साठवलेला कापूस. त्या कापसाचे तंतू उडून कम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसायचे, आणि पंखाही कसला, तर प्रोसेसरबरोबर फुकट आलेला तळहाताएवढा.

गेला आठवडाभर ती नव्या कूलरच्या मागे लागली होती. तिला तो पाण्याचा हवा होता. प्रोसेसरच्या डोक्यावर एक छोटा पंप बसतो, दोन नळ्यांमधून पाणी रेडिएटरमध्ये जातं, पंखे त्याला गार करतात, आणि गार झालेलं पाणी परत प्रोसेसरकडे येतं. सगळं कारखान्यातूनच बंद होऊन येतं, पाणी भरायची भानगड नाही. धम्मशीलाने त्याचे इतके व्हिडिओ पाहिले होते, की लग्नाच्या साडीसाठीही तिने एवढा घोळ घातला नसता.

लग्नाचं मात्र काही जमत नव्हतं. याआधी तीन स्थळं येऊन गेली. पहिल्याने विचारलं, हे काम लग्नानंतर बंद करशील ना. दुसऱ्याने विचारलंच नाही, बंद होणार असं धरूनच चालला. तिसऱ्याच्या काकांनी पोहे खाता खाता स्वतःच्या वाढदिवसाचा बॅनर फुकटात करून मागितला आणि आठ दिवसांनी नकार कळवला. बॅनर तेवढा नेला. तेव्हापासून धम्मशीलाने एक अट ठरवून टाकली होती. मी येईन तर माझा कम्प्युटर माझ्याबरोबर येईल, आणि काम चालू राहील. हे मान्य नसेल तर पोहे खा आणि घरी जा.

"आधीच अट काढू नको माय," बाबा सकाळपासून तिच्या मागेमागे फिरत होते. "एकडाव जमू दे, मग पाहू."

"मग कोणी पाहत नसते बाबा," ती म्हणाली.

पाहुणे आले. मुलगा चंद्रशेखर, त्याची आई सत्यभामाबाई आणि एक मामा. जय भीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. चंद्रशेखर संग्रामपूरचा, कृषी सहायक. नव्या शर्टाच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या आणि तो बशीतल्या शेंगदाण्यांकडे बघून बोलत होता. धम्मशीलाच्या आत्याला, गोजरबाईंना, हे स्थळ तसं मनातून नको होतं. बुलडाणा जिल्ह्याला मधोमध घाट आहे. दुसरबीड घाटावर, संग्रामपूर घाटाखाली, आणि घाटाखालच्या उन्हाबद्दल गोजरबाई असं काही बोलायच्या की जणू तिथे माणसं राहतच नाहीत. तरी रीत ती रीत. पोह्यांच्या बशा उचलताना त्यांनीच विषय काढला, "पोरापोरीले दोन शब्द बोलू द्या." आणि दोघांना धम्मशीलाच्या कामाच्या खोलीत पाठवून दिलं.

ती वळली, अट अगदी जिभेवर घेऊन. बघते तर मुलगा तिच्याकडे बघतच नव्हता. तो काळ्या पडद्याकडे बघत होता.

"बंद पडला का?"

"हो. ते जाऊ द्या. मला तुम्हाला एक सांगायचं आहे."

त्याने कम्प्युटरच्या कॅबिनेटवर हात ठेवला आणि लगेच काढला. "बाप्पा. याच्यावर तं भाकर भाजन."

खरं म्हणजे तिला राग यायला पाहिजे होता. स्थळ बघायला आलेल्या माणसाने मुलगी सोडून डबा चाचपावा, याला काय म्हणायचं. पण तिच्या तोंडून भलतंच निघालं. "झाकण काढता येतं का तुम्हाला? पेचकस खणात आहे."

त्याने झाकण काढलं. आत कापसाची अख्खी गादी तयार झाली होती. तो वाकून फुंकणार तेवढ्यात तिने त्याला बाजूला केलं. "फुंकू नका, थुंकी उडते." मग तिने जुन्या टूथब्रशने सगळं साफ केलं, त्याने मोबाइलचा उजेड धरला. टेबलफॅनची मान मोडलेली होती, तो हातात धरूनच ठेवावा लागायचा, तर तो चंद्रशेखरने उचलला आणि उघड्या कॅबिनेटवर धरून उभा राहिला. धम्मशीलाने व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. पहिला सूर्य हळूहळू उगवायला लागला.

"कूलर बदला लागते," फॅनमागून आवाज आला.

"ते मला माहीत आहे. कोणता?"

"हवेवरचा घ्या मोठा. पाणी नाई, गळायची भीती नाई."

"तो उंच असतो. माझ्या कॅबिनेटचं झाकण लागत नाही. मोजलंय मी."

"मोजलं?"

"मग? मोजल्याशिवाय कोणी घेते का?"

चंद्रशेखरने तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. पोहे देताना त्याचा चेहरा कोरा होता, तो आता चांगलाच उजळला. कळलं ते असं, की त्यानेही स्वतःचा कम्प्युटर एकेक भाग आणून घरीच जोडला होता, आणि त्यापायी आईच्या शिव्या खाल्ल्या होत्या. मग मात्र दोघांना उधाण आलं. त्याने विचारलं, पाणी गळलं तर. ती म्हणाली, चांगल्या कंपनीचा घ्यायचा आणि नळी पिळायची नाही. तो म्हणाला, पंपात हवा अडकते. ती म्हणाली, रेडिएटर वर लावायचा, पंप खाली, मग हवा वरच राहते, हे शेंबड्या पोराला कळतं. तो म्हणाला, पाच-सहा वर्षांत पंप जातेच. ती म्हणाली, तेव्हा दुसरा घेईन, तुम्ही कशाला काळजी करता. आवाज वाढत चालले. दार किलकिलं झालं आणि गोजरबाईंचं डोकं आत आलं.

"झालं का बोलून?"

"थांब ना आत्या," धम्मशीला म्हणाली, आणि "थांबा ना आत्याबाई," चंद्रशेखरही म्हणाला. डोकं बाहेर गेलं. बाहेर जाऊन ते काय म्हणालं ते स्पष्ट ऐकू आलं, "भांडून राह्यले."

धम्मशीलाने मोबाइलवर तिचा सगळ्यात लाडका कूलर काढून दाखवला. त्याच्या पंपावर छोटासा गोल पडदा होता, त्यावर हवा तो फोटो लावता यायचा. आठवडाभर ती त्या गोल पडद्यावर जीव टाकून होती.

"सुंदर हाय," चंद्रशेखर म्हणाला. "पण तुमच्या डब्याले काच कुठं हाय? पत्र्याच्या आत कोण पाह्यते तो फोटो?"

तिने कॅबिनेटकडे पाहिलं. चारही बाजूंनी पत्रा. आठवडाभर मापं घेतली, आणि एवढं डोक्यात आलं नव्हतं. तिला आधी लाज वाटली, आणि मग डोळ्यांसमोर आलं, की अंधाऱ्या पत्र्याच्या डब्यात मोतीरामभाऊ सूर्यासकट हात जोडून बसलेत आणि त्यांना बघायला एक झुरळ. हे तिने त्याला सांगितलं. तो इतका हसला की फॅन भलतीकडेच वारा घालायला लागला. तीही हसली, खुर्चीला धरून हसली, पाहुणे बाहेर बसलेत हे विसरून.

"बरं, पडदा राहू द्या," तिने डोळे पुसले. "साधा दोनशेचाळीस मिलिमीटरचा घेते. दोन पंखेवाला. माझ्या कॅबिनेटमध्ये बरोबर बसतो."

"दोनशेचाळीस नको. तीनशेसाठ घ्या. तीन पंखे."

"कशाला एवढा? आमचं गाव घाटावरचं. संध्याकाळी वारं सुटते. दोनशेचाळीस बस झाला."

"घाटावर पुरन हो," तो तावातावाने म्हणाला. "घाटाखाली नाई टिकत तो."

"घाटाखाली कोण चाललंय?"

फॅन भिंतीकडे वळला आणि तिकडेच राहिला. चंद्रशेखर मानेपर्यंत लाल झाला होता. पडद्यावर कोषाध्यक्षांचा सूर्य उगवत होता आणि प्रोसेसरचं तापमान चढत होतं, पण धम्मशीलाचं तिकडे लक्ष नव्हतं. म्हणजे हा माणूस एवढा वेळ जो कूलर निवडत होता, तो या खोलीसाठी नव्हताच. हवेवरचा घ्या इथपासून तीन पंख्यांपर्यंत तो संग्रामपूरच्या उन्हाचा हिशेब करत होता. तिने अजून काही मागितलं नव्हतं, आणि याने तिचा कम्प्युटर आपल्या घरी नेऊन लावलासुद्धा होता. तिला आनंद झाला. सरळच सांगायचं तर तिला उठून खोलीभर नाचावंसं वाटलं.

"फॅन," ती म्हणाली. "फॅन नीट धरा."

"नाई म्हंजे, तुमी म्हणान तं," तो फॅनला उद्देशून म्हणाला.

पण आनंद झाला म्हणून ती काही मऊ पडली नाही. "तीनशेसाठ माझ्या कॅबिनेटमध्ये बसत नाही."

"नवीन घेऊ."

"काचेचं."

"काचेचं."

"ठेवायचं कुठे?"

तो विचारात पडला. "खिडकीपाशी जागा हाय. पण तिथं आईची गव्हाची कोठी हाय. ते हलवा लागन."

"आईंना विचारलंय?"

"अजून नाई."

"मग आत्ताच विचारा. द्या इकडे फॅन."

तो गेला. दार उघडंच राहिलं. धम्मशीला फॅन धरून उभी, हलता येईना, कारण फॅन सोडला तर मोतीरामभाऊ पुन्हा नाकापर्यंतच यायचे. तिने कान मात्र बाहेर लावले.

"आई," चंद्रशेखरचा आवाज आला, "आपली खिडकीपाशची कोठी हाय ना, ते हलवता येईन का?"

बाहेर कोणाची तरी कपबशी खाली ठेवली गेली. "कोठी?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "काऊन?"

"त्यायचा कम्प्युटर ठेवा लागते. काम करा लागते त्यायले."

"लग्न झाल्यावर काम?" हा मामांचा आवाज. पाठोपाठ बाबांचा खोकला ऐकू आला. कामाचा विषय निघाला की बाबांना असाच खोकला येतो, हे तिला मागच्या तीन वेळांपासून माहीत होतं.

"कोठी नाई हलत," सत्यभामाबाई म्हणाल्या.

धम्मशीलाच्या हातातला फॅन जड झाला. किती पटकन आपण हुरळलो, तिला वाटलं. एक माणूस चांगलं बोलला, दोन गमती झाल्या, लगेच काचेचं कॅबिनेट काय मागितलं आपण. चौथं स्थळही गेलं. आणि या वेळी वाईट वाटणार होतं, मागच्या तिन्ही वेळी वाटलं नव्हतं.

"कोठी सरकवली का खाली उंदरायचं घर हाय," सत्यभामाबाईंचं अजून संपलं नव्हतं. "अन् त्या खिडकीतून दुपारभर ऊन येते. मशीन शिजून जाईन तिथं. माह्या खोलीत ठेवा. मातीच्या भिंती हायेत, थंडी राह्यते."

"तुह्या खोलीत?" चंद्रशेखर म्हणाला.

"मंग? मले किती जागा लागते? पण एक सांगून ठेवते. दुपारी मी तिथं आंग टाकते. घुर्रघुर्र आवाज नाई पाह्यजे मले."

"तीनशेसाठ," बाहेरून चंद्रशेखर म्हणाला, आणि त्याच क्षणी आतून धम्मशीलाही म्हणाली, जरा जास्तच मोठ्याने. कारण पंखे दोन असले की जोरात फिरतात आणि घुरघुरतात. तीन असले की सावकाश फिरतात, बाजूला माणूस झोपलं तरी जागं होत नाही.

"तीनशेसाठ काय?" मामांनी विचारलं. चंद्रशेखर त्यांना समजावून सांगायला बसला, पंपापासून. सत्यभामाबाईंनी गोजरबाईंना सांगितलं, पोरगं घरात कधी एवढं बोलत नाही. गोजरबाईंनी विचारलं, मातीच्या भिंतीत उन्हाळ्यात खरंच गार राहतं का हो. तेवढ्यात आत शेवटचा सूर्य उगवला. मोतीरामभाऊ नाकापर्यंत आले, हनुवटीपर्यंत आले, सगळेच्या सगळे वर आले, हात जोडले आणि ठिणग्यांमध्ये व्यवस्थित विरून गेले. व्हिडिओ पूर्ण झाला. धम्मशीलाने फॅन खाली ठेवला.

बाबा दबक्या पावलांनी आत आले. त्यांनी मागे वळून बैठकीकडे पाहिलं. तिथे आता कोठीखालच्या उंदरांवर चर्चा चालली होती, आणि मामाही तीत उतरले होते.

"चांगली माणसं दिसतात," बाबा हळूच म्हणाले. "तू अट तं नाई ना काढली?"

धम्मशीलाने आठवून पाहिलं. "राहूनच गेली, बाबा."

"शहाणी माही पोर," बाबा म्हणाले, आणि आणखी एकदा चहा टाकायला सांगायला गेले.