खणातला माउस

फ्रेझर टेबलाखाली गुडघ्यांवर वाकला, नेरिसच्या माउसची वायर उपटली आणि माउस मुठीत घेऊन उठला. शेजारच्या टोबायसचा माउस आधीच त्याच्या कोटाच्या खिशात गेला होता.

"आता काम कसं करायचं?" नेरिसने विचारलं.

"दहा बोटं आहेत ना? आमच्याकडे नवा माणूस पहिल्या दिवसापासून कीबोर्डवरच. माउस फिरवण्यात फार वेळ जातो." त्याने दोन्ही माउस आपल्या खणात टाकले. "रडू नका. बँक सोडून जाताना ज्याचा त्याला परत मिळेल."

लंडनच्या त्या बँकेत कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे होत. नेरिस आणि टोबायसला उन्हाळ्यापुरतं, फ्रेझरच्या हाताखाली शिकायला घेतलं होतं आणि पुढे नोकरी एकालाच मिळणार होती. टोबायस फायनान्समध्ये मास्टर्स करून आलेला. नेरिसकडे कार्डिफहून आणलेली अर्थशास्त्राची पदवी होती, आणि नोकरी तिला हवी म्हणजे हवीच होती.

"नुसतं इकॉनॉमिक्स?" पहिल्याच दुपारी सँडविच उघडता उघडता टोबायसने विचारलं. "ताळेबंद तरी वाचता येतो का?"

"देशाचा येतो. कंपनीचा तू शिकव."

टोबायस फुशारक्या मारणारा खरा, पण कोत्या मनाचा नव्हता. रोज दुपारी तो एकेक ताळेबंद उलगडून सांगू लागला आणि नेरिस त्याच्या सँडविचवर डोळा ठेवून शिकू लागली. वेल्सहून आईचा फोन आला की तिचा प्रश्न ठरलेला.

"पदवी पुरते ना गं तिथे?"

"दारापर्यंत पुरली, आई. आत आल्यावर कुणी विचारलेलंच नाही."

एकदा तिने न राहवून फ्रेझरला विचारलं, "हॅरिएट काय शिकल्यात?" हॅरिएट लम्ली म्हणजे विभागाच्या प्रमुख, त्यांच्या एका भुवईवर सौदे अडत.

"चर्चच्या रंगीत काचांचा इतिहास."

"आणि तू?"

"लॅटिन. हसू नकोस."

नेरिस हसलीच. मग मात्र तिच्या लक्षात आलं. म्हणजे नोकरी हुकली, तर दोष पदवीवर ढकलायचीही सोय उरली नव्हती.

ऑगस्टमध्ये बिस्किटांच्या कारखान्याचे मालक आले, मिस्टर ऑटवे. आजोबांनी काढलेला कारखाना विकायला निघालेले, त्यामुळे सगळ्या जगावर रुसलेले. बैठकीत टेबलाभोवती मोठी माणसं बसत आणि उन्हाळी मंडळी भिंतीकडेला. भिंतीकडच्यांनी टिपणं घ्यायची, तोंड उघडायचं नाही. ऑटवे हाताची घडी घालून तासभर 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले.

"कुणाला काही विचारायचंय?" शेवटी हॅरिएटनी टेबलाकडे पाहत म्हटलं.

"किंमत वाढवली, की गिऱ्हाईक तुटतं का?" आवाज भिंतीकडून आला होता. तो आपला आहे हे नेरिसला जरा उशिराच कळलं.

फ्रेझरचं पेन थांबलं. ऑटवेंनी खुर्ची वळवली.

"आल्याच्या बिस्किटांची वाढवली, एक माणूस हलला नाही. साधी बिस्किटं दोन पेन्सनी महाग केली, तर माझ्या सख्ख्या मेव्हणीने दुसऱ्यांची घ्यायला सुरुवात केली. अजून घेते."

सगळे हसले. ऑटवेंची घडी सुटली आणि मग ते चहा गार होईपर्यंत आल्याच्या बिस्किटांवर बोलत राहिले. हॅरिएट भराभर लिहून घेत होत्या.

"भिंतीकडच्यांनी बोलायचं नसतं," लिफ्टमध्ये फ्रेझर म्हणाला. हॅरिएट आरशात बघून गळ्यातला रुमाल नीट करत होत्या. नेरिसला त्या दिवशी सँडविच गेलं नाही.

शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी नोकरी कुणाला ते सांगायला हॅरिएट दोघांना एकेक करून बोलावणार होत्या. दुपारी दोघं जेवून परत आले, तर टोबायसच्या टेबलावर त्याचा माउस होता, वायर नीट गुंडाळलेली. नेरिसचं टेबल रिकामं. तिने स्क्रीनमागे पाहिलं, खण उघडला आणि शेवटी गुडघ्यांवर बसून टेबलाखाली शिरली.

"माझा हरवला वाटतं. या फ्रेझरला एक वस्तू धड सांभाळता येत नाही."

फ्रेझर पाठ करून बसला होता आणि कीबोर्ड उगाचच जोरात बडवत होता. टोबायसने वायर बोटाभोवती गुंडाळली, परत सोडली. थोडा वेळ तो हातातल्या माउसकडे पाहत उभा राहिला. मग खाली वाकला.

"नेरिस, शोधू नकोस."

"का?"

"जाणाऱ्यालाच परत मिळतो. पहिल्या दिवशी म्हणाला होता ना तो." त्याने वायर पुन्हा नीट गुंडाळली. "माझ्या शिकवणीची फी राहिलीय. आज बियर तुझ्याकडून."

नेरिस बराच वेळ टेबलाखालून बाहेर आली नाही.