चारुलताचं पिस्तूल

“काका, थोडी अडचण झालीय,” मल्हार दारातच म्हणाला.

दत्ताच्या हातात चहाचं गाळणं होतं. त्यातलं पाणी फरशीवर ठिपकत राहिलं. “कसली अडचण? तू आज न्यायला येणार होतास ना?”

“हो, पण आमटमधून, शस्त्रपरवान्याच्या कचेरीतून, माझ्या कार्डावर परवानगी चढलीच नाहीये अजून. त्याशिवाय पिस्तूल विकत नाही घेता येत. तिथली बाई म्हणते पुढच्या आठवड्यात भेटायचं टेर्मिन घ्या. आल्झो, म्हणजे आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे फक्त.” त्याने बूट काढले. “मी सरळ क्लबातूनच आलो. चहा तरी द्याल ना?”

दत्ताने चहा दिला. त्याची नजर बैठकीच्या पलीकडच्या बंद दाराकडे गेली. त्या दारामागे झोपायची खोली होती. खोलीत हिवाळी कोटांच्या मागे, भिंतीला बोल्टने पक्की केलेली छोटी राखाडी तिजोरी होती, आणि तिजोरीत चारुलताचं पिस्तूल.

चारुलता त्याची बायको. ती ऑगस्टमध्ये गेली. तेव्हापासून दत्ता बैठकीतल्या सोफ्यावर झोपत होता. कपडे आणायलाही तो त्या खोलीत दार सताड उघडं ठेवून जायचा आणि कोटांकडे पाठ करून कपाट उघडायचा.

पिस्तुलाचं वेड तिचंच. कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात तिने रायफल चालवली होती, आणि चांगली चालवली होती. जर्मनीत डार्मश्टाटजवळच्या या गावात राहायला आल्यावर शेजारीण तिला गावच्या नेमबाजी क्लबात घेऊन गेली. तिकडे बायका केक करून आणत आणि नेम धरत. चारुलता चकल्या घेऊन गेली आणि पहिल्याच महिन्यात दोन म्हाताऱ्यांना हरवून आली. पुढे स्वतःचं पिस्तूल घेण्याची परवानगी मिळाली. नवं परवडणारं नव्हतं. पण लष्कराने सेवेतून काढलेली जुनी पिस्तुलं दुकानात स्वस्तात मिळत. त्यातलं एक घ्यायला ती दत्तालाही सोबत घेऊन गेली.

दुकानदाराने काउंटरवर चार-पाच पिस्तुलं ओळीने मांडली. मंडईत वांगी निवडावीत तशी ती एकेक उचलून, उलटंपालटं करून, उजेडात धरून बघत होती. दत्ता दरवाजाजवळच उभा होता.

“अहो, जवळ या की. चावत नाही ते.”

“सैन्यातलं आहे. आधी कोणाला चावलं असेल, काय माहीत?”

“कोणाला नाही. हा म्हणतो, आयुष्यभर कपाटात पडून होतं. तुमच्या लग्नातल्या सुटासारखं.”

शेवटी तिने एक पसंत केलं आणि वर एक तेलाची बाटली फुकट मागितली. दुकानदार आधी गोंधळला, मग त्याने हसत दिली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, “बघा, जर्मनीतही वर कोथिंबीर मिळते. मागावी लागते.”

त्या वर्षी खंडेनवमीला तिने दत्ताची पाने-पक्कडी आणि ते पिस्तूल एकाच पाटावर मांडलं, हळदकुंकू वाहिलं, बागेतला झेंडू ठेवला. दत्ताने लांबूनच नमस्कार केला. पुढच्या शनिवारी क्लबात पिस्तूल अडकलं. प्रशिक्षकाने ते उघडलं तर त्याची बोटं लाल. बिचारा घाबरून आपल्या हाताला कुठे कापलं ते शोधू लागला. सगळा क्लब गोळा झाला. चारुलताने त्याला पूजा समजावून सांगितली. त्यानेही तिला समजावून सांगितलं, की देवाला काय वाहायचं ते वाहा, पण तेल लावलेल्या भागात पूड घालू नका. पुढच्या वर्षापासून ती कुंकू फक्त मुठीला लावायची. घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा दत्ता डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला होता.

यंदाची खंडेनवमी परवाच होऊन गेली. पाट निघाला नाही.

तिजोरी आकडे दाबून उघडायची. कायद्याने तो आकडा फक्त तिलाच माहीत असायला हवा होता, आणि तिने तो कधी सांगितलाही नव्हता. पण शेवटी हॉस्पिटलात, नळ्या लावलेल्या असताना ती म्हणाली, “अहो, आकडा ऐकून ठेवा. नाहीतर मी गेल्यावर तिजोरी फोडायला माणूस शोधत बसाल. किती त्रास.”

“मला नको सांगूस.”

तिने सांगितला. सहा आकडे, सावकाश, दोनदा. दत्ताने कानांवर हात ठेवले होते, तरी ते आत गेले. जन्मभर तिने त्याचे त्रास असेच आधी ओळखून वाचवले होते. या वेळी तिचा अंदाज चुकला.

कारण ते आकडे मग डोक्यातून निघेनात. भांडी घासताना, ट्रामची वाट बघताना ते ओळीने म्हटले जायचे. दत्ताला मरायचं नव्हतं. तसं त्याने स्वतःला अनेकदा विचारून पाहिलं होतं आणि उत्तर नाही असंच आलं होतं. पण एखाद्या पावसाळी दुपारी आपला हात आपल्याला न विचारताच पुढे होईल, अशी भीती त्याच्या मनात बसली होती. कालच दुपारी तो कोटांपाशी उभा होता. तिथे कधी आलो, ते त्याला आठवत नव्हतं.

फोन वाजला. हॅम्बर्गहून अन्वी, त्याची मुलगी. तिला मराठी सगळं समजायचं, पण बोलायची ती जर्मनच.

“बाबा, इस्ट एस वेक?” गेलं का? रोज ती आधी हेच विचारायची. का विचारते, ते ती सांगत नव्हती आणि तोही विचारत नव्हता.

“जाईल. आज जाईल,” दत्ता म्हणाला. “मल्हार आलाय. मी करतो तुला फोन.”

फोन ठेवल्यावर मल्हार म्हणाला, “अहो काका, आज कुठे? मी म्हटलं ना, परवानगी नाही.”

“विकत नको घेऊस. नुसतं ने.”

“तात्पुरतं सांभाळायला नेता येतं तसं. माझ्याकडे कार्ड आहे, तिजोरी आहे. एक कागद करावा लागेल. पण एवढी घाई कशाला? इथे काय वाईट आहे? कुलूपबंद तर आहे.”

दत्ताने बशी बाजूला सारली. मग म्हणाला, “ते कुलूप मला उघडता येतं.”

मल्हारने कप तोंडाशी नेला होता, तो तसाच खाली ठेवला. “काकूंनी आकडा सांगितला?”

“हो.”

“मग ते बरोबर नाही खरं तर, पण—”

“मल्हार.” दत्ताने त्याला थांबवलं. “मला त्याची भीती वाटते. त्याची म्हणजे… माझीच. मला इथे त्याच्यासोबत एकट्याला नाही राहायचं. एक दिवसही नाही.”

चारुलताकाकूंनीच त्याला क्लबात नेलं होतं, पहिल्या दिवशी त्याच्या थरथरत्या कोपराला हात लावून सरळ केलं होतं. तो उठला, दत्ताच्या शेजारी येऊन बसला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

“गाडीत माझी कुलपाची पेटी आहे,” शेवटी तो म्हणाला. “आणतो. आणि पिस्तूल घेतल्यावर तुम्हीही चला माझ्याकडे. अश्लेषाने पिठलं केलंय. रात्री तिथेच राहायचं.”

“तुझ्या बायकोला कशाला त्रास…”

“काका, तिने तुमची भाकरी धरूनच पीठ मळलंय. आणि उद्या आपण दोघं तुमच्या डॉक्टरशी बोलू. मी असतो बरोबर. चालेल?”

दत्ताने मान हलवली.

खोलीत मल्हारने कोट बाजूला केले. दत्ता उंबऱ्यातच थांबला आणि तिथूनच आकडे सांगू लागला. एक सांगितला की मल्हार एक दाबायचा. तिजोरी उघडली.

पिस्तूल चारुलताच्या एका जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं होतं. मल्हारने नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून ते तपासलं. रिकामं होतं. गोळ्यांची डबी त्याने वेगळी काढली. मग पिस्तूल पेटीत ठेवण्याआधी त्याला मुठीच्या बारीक खाचांमध्ये लाल काहीतरी दिसलं. त्याने सवयीने खिशातलं फडकं काढलं.

“ते राहू दे,” दत्ता म्हणाला. “कुंकू आहे. पुसू नकोस.”

मल्हारने फडकं खिशात घातलं. सांभाळायला नेत असल्याचा कागद करून दोघांनी त्यावर सह्या केल्या. पेटीला कुलूप लावून ती तो गाडीत ठेवून आला.

दत्ताने अन्वीला फोन लावला. “गेलं,” तो म्हणाला.

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. आणि मग, अडखळत, मराठीत, “बाबा, तुम्ही जेवलात का?”

“जातोय जेवायला. मल्हारकडे.”

“मी उद्या येते.”

“ये.”

निघताना तो एकटाच त्या खोलीत गेला. तिजोरीत साडीचा तुकडा पडला होता. त्याच्यावर तेलाचा डाग होता, पिस्तुलाच्याच आकाराचा. दत्ताने तो उचलला, जुन्या घड्यांवरच घडी घातली आणि परत आत ठेवला. सवयीने हात तिजोरीच्या दाराकडे गेला, पण त्याने ते लोटलं नाही. तिजोरी उघडीच ठेवून तो बाहेर बूट घालायला बसला.