भिंगरीचं वर्ष

मी माझ्या धाकट्या बहिणीवर जळत होते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. ती पाठीवर एक सॅक आणि पायात एकच बुटांचा जोड घेऊन जग फिरत होती, आणि मी त्याच दिवसांत लोकांच्या कवळ्या बनवत होते.

कवळ्या बनवणं हे माझं काम. दवाखान्यांतून हिरड्यांचे ठसे येतात, मी त्यात प्लास्टर ओतते, साचा सुकला की मेणात एकेक दात बसवते. ज्याच्या तोंडात ते जातात तो माणूस मला कधी दिसत नाही. मालक म्हणतो, तुझा हात चांगला आहे. हात चांगला असून उपयोग काय, बाकीची मी सात वर्षं त्याच स्टुलावर बसलेली आहे.

आम्हा बहिणींत एक ठराव झाला होता. काही देश तिशीच्या आतल्या पोरांना वर्षभराचा परवाना देतात. या, फळं तोडा, खाटा आवरा, भांडी घासा आणि त्या कमाईवर भटका. अट एकच, अर्ज तिसाव्या वाढदिवसाच्या आधी गेला पाहिजे. दोघींनी एकदम जाणं शक्य नव्हतं, कारण आई. आईने तीस वर्षं कारखान्यात माग चालवले आणि त्या खडखडाटात तिचे कान गेले. आता तिला दाराची बेल ऐकू येत नाही. एकदा मोरीतला नळ चालू राहिला, तो खालच्या टायरच्या दुकानात पाणी गळायला लागलं तेव्हा कळलं. म्हणून एकीने घरी राहायचं. एक वर्ष तिचं, एक वर्ष माझं. आईला मात्र या वाटणीबद्दल अवाक्षर सांगायचं नाही, नाहीतर आपण पोरींच्या पायातली बेडी झालो असं तिला वाटलं असतं.

पहिली कोण? मी मोठी, तेव्हा मोठेपणा दाखवायला म्हटलं, तू जा आधी. माझी अपेक्षा अशी की ती म्हणेल, नाही ताई, आधी तू. मग मी जरा आढेवेढे घेईन. ती म्हणाली, "खरंच?" आणि सॅक काढायला माळ्यावर चढली. आई तिला लहानपणापासून भिंगरी म्हणते ते उगाच नाही. मी बोटांवर महिने मोजले. ती वर्षभराने परत आली की माझ्या तिसाव्या वाढदिवसाला दोन महिने उरत होते. तेवढे पुरेसे होते.

आता आमच्या घरातल्या बोलण्याबद्दल सांगायला हवं. मागांच्या खात्यात शेजारच्या बाईचा आवाजसुद्धा ऐकू येत नाही, म्हणून तिथल्या बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलतात. ओठ नीट उघडायचे, शब्द पूर्ण करायचा, समोरची ते वाचते. आईने हे बोलणं घरी आणलं आणि आम्ही दोघी त्यातच वाढलो. आईचे कान पुरते गेले तेव्हा आमचं काही अडलं नाही. अडलं ते फोनपाशी. भिंगरी स्वस्तातल्या स्वस्त जागी उतरायची. तिथलं इंटरनेट असं की चित्रात तिचं तोंड अर्धवट उघडं राहून गोठायचं आणि शब्द भलतीकडेच जायचे. आईला लिहिता-वाचता येत नाही, तेव्हा मेसेजचाही उपयोग नव्हता. म्हणून दर रविवारी सकाळी मी आईसमोर खुर्ची टाकून बसायचे, फोन कानाला लावायचे आणि भिंगरीचं एकेक वाक्य आईला ओठांनी सांगायचे. आई तिच्या नेहमीच्या मोठ्या आवाजात उत्तर द्यायची, ते भिंगरीला थेट ऐकू जायचं. म्हणजे आईला दिसायचे ते माझे ओठ, आणि माझे ओठ काय बोलतात ते भिंगरीला कळायला काही मार्ग नव्हता.

पहिले दोन महिने मी शब्दन् शब्द खरा सांगितला. तेवढं श्रेय मला द्या.

मग एका रविवारी भिंगरी म्हणाली की तिने एका हॉस्टेलच्या भिंती रंगवून दिल्या, त्या बदल्यात पंधरा दिवस पलंग फुकट, आणि पलंगाशेजारच्या खिडकीतून समुद्र दिसतो. मी हे ऐकत होते आणि माझ्या नखांत आदल्या दिवशीचं प्लास्टर होतं. समोर आई पुढे वाकून, चष्मा सावरून, माझ्या तोंडाकडे बघत बसलेली. भिंगरीचा फोन आला की तिच्या चेहऱ्यावर जो उजेड पडायचा तो मला सहन होईनासा झाला होता. मी कामावरून आल्यावर असा उजेड पडल्याचं मला आठवत नाही. मी भिंती सांगितल्या, समुद्र गाळला.

"रंगकाम करून घेतात पोरीकडून?" आई म्हणाली आणि तिचा चेहरा पडला. भिंगरी पलीकडून हसून म्हणाली, मला आवडतं गं आई. ते मी आईपर्यंत पोचवलं नाही.

एकदा चटक लागली की लागली. आठ देशांतल्या आठ जणी एका खोलीत राहतात आणि रोज एकीने आपल्या घरचं काहीतरी रांधायचं, असं ती सांगायची. माझे ओठ म्हणायचे, आठ अनोळखी माणसांत झोपते बिचारी. एका रात्रीच्या भाड्याची बचत म्हणून ती रात्रीच्या बसने जायची आणि उजाडताना डोंगर बघायची. माझे ओठ म्हणायचे, राहायला जागा नाही म्हणून बसमध्ये बसून रात्री काढते. पुढे पुढे मला तिच्या वाक्याचीही गरज उरली नाही. ढेकूण मी घातले. ताप मी आणला. बूट चोरीला गेले ते माझ्यामुळे. ती फोटो पाठवायची त्यात बत्तीसच्या बत्तीस दात दाखवून हसत असायची, तर आईला मी सांगायचे, फोटोपुरतं हसते. आई काळजीने काही विचारायला लागली की मी फोनच्या माइकवर अंगठा दाबायचे आणि मग भिंगरीला म्हणायचे, नेट गेलं होतं.

आणि गंमत बघा, आधी झालं उलटंच. आई तिचं कौतुक करायला लागली. खालच्या टायरवाल्याला बोलवून सांगितलं, पोर हाल सोसते पण मागे फिरत नाही, माझ्यावर गेली आहे. टायरवाला दोन दिवस मला जिन्यात अडवून भिंगरीबद्दल विचारत होता. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी तापाचे दिवस वाढवले.

मग मात्र आई खचली. ताटावरून अर्धपोटी उठायला लागली. रविवार जवळ आला की शनिवारपासूनच ती देवापाशी दिवा लावून बसायची. मला ते दिसत होतं. दिसत असूनही मी थांबले नाही, कारण तोपर्यंत माझ्या मनात नुसता जळफळाट उरला नव्हता, हिशेबही आला होता: आई जितकी घाबरेल तितकी भिंगरी लवकर परत येईल.

दहाव्या महिन्यात भिंगरीचा फोन आला तो धापा टाकतच. एका म्हाताऱ्या जोडप्याच्या शेतावर घोडे सांभाळायचं काम मिळत होतं. आणखी सहा महिने. तिथल्या तिथे परवाना वाढवून मिळणार होता, फक्त देश सोडला की संपलं, पुन्हा मिळत नाही. घोड्यांची नावंसुद्धा तिला पाठ झाली होती.

"ताई, तुझा अर्ज राहील ना मग? खरं सांग. तुला जायचं असेल तर मी येते."

माझ्या वाढदिवसाला चार महिने होते. तोंड उघडून 'हो, मला जायचंय' एवढंच म्हणायचं होतं. पण ती मागणार आणि मी देणार हे इतकी वर्षं चाललेलं. धाकटीपुढे हात पसरायचा म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

"छे गं," मी म्हटलं, "मला कसली घाई? राहा की."

"नक्की?"

"नक्की."

आवाज इतका गोड होता की माझा मलाच ओळखू आला नाही. आणि त्याच दमात, आवाज न काढता, माझ्याकडे डोळे लावून बसलेल्या आईला मी सांगितलं, तिची तब्येत फार बिघडलीय, पण लाजेपोटी परत येते म्हणत नाही.

आईने माझ्या हातातून फोन ओढून घेतला. जो तिला ऐकू येत नाही तो फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरून ती रडत म्हणाली, "घरी ये. माझी शपथ आहे तुला. असशील तशी ये."

भिंगरीने मला विचारलं, आईला काय झालं? मी म्हटलं, थकली आहे गं ती. एवढं खोटं नव्हतं.

तीन आठवड्यांनी भिंगरी दारात उभी राहिली. रापलेली, काटक, पूर्वीपेक्षा दोन बोटं रुंद खांद्यांची. सॅक खाली टाकली आणि आईच्या समोर मांडी घालून ओठांनी बोलायला लागली. मी चहा ठेवायला आत गेले आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईला आता माझी गरजच नव्हती. भिंगरी स्वतःच्या तोंडाने सगळं सांगणार. उकळलेलं पाणी तसंच ठेवून मी दाराआडून बघत राहिले.

भिंगरी समुद्राबद्दल सांगत होती, आठ जणींबद्दल सांगत होती. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

"असू दे," आई म्हणाली. "मला सगळं माहीत आहे. माझ्यापासून लपवू नकोस."

मी सुटले होते. पहिला विचार हाच आला, लपवत नाही. पुढचे चार दिवस भिंगरी आवाज नसलेल्या त्या बोलण्याने ओठ दुखेपर्यंत आपलं वर्ष सांगत राहिली आणि आई आजाऱ्याची समजूत घालावी तशी मान हलवत राहिली. आईने तिला ओढून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, ठणठणीत आहे. आईने डॉक्टर बदलला. रंगकामाचा फोटो दाखवला तर आईने डोळ्यांना पदर लावला. पाचव्या दिवशी भिंगरी स्वयंपाकघरात माझ्याशेजारी येऊन भांडी पुसायला लागली.

"ताई, आई माझं काहीच खरं मानत नाही. मला म्हणते, आता रडलीस तरी चालेल. मी कशाला रडू?"

वय झालं तिचं, मी म्हटलं आणि नळ मोठा केला.

त्या आठवड्याच्या शेवटी मी माझा अर्ज भरून जेवणाच्या टेबलावर ठेवला, वर पासपोर्ट ठेवला आणि आईला सांगितलं की मीही वर्षभर जाणार आहे. आईने आधी माझ्या ओठांकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग पासपोर्ट उचलला, आतल्या खोलीत गेली, लोखंडी कपाट उघडून बंद केल्याचा आवाज आला, आणि किल्ली मुठीत घेऊन ती परत येऊन बसली.

"एक जिवंत परत आली, तेवढं पुरे," ती म्हणाली. "त्या आठ जणांच्या खोलीत? त्या तापात? ही निगरगट्ट म्हणून निभावली. तुला परक्या उशीवर झोप लागत नाही. माझ्या मढ्यावरून जा."

मी म्हटलं, तसं काही नसतं तिथे, आई.

"तूच सांगितलंस. दर रविवारी. नुसतं आठवलं तरी माझ्या अंगावर काटा येतो."

भिंगरीने चमचा खाली ठेवला. "काय सांगितलंस तू, ताई?"

माझ्याकडे खोटं तयार होतं. मोसम वाईट होता, देश चुकीचा होता, मी दुसरीकडे जातेय. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण आजवर मी दोघींच्या मध्ये बसायचे, आणि आता दोघी माझ्यासमोर बसल्या होत्या, दोघींनाही ओठ वाचता येत होते. आणि मला खरंच जायचं होतं. खरं बोलल्याशिवाय ते कपाट उघडणार नव्हतं.

मी बोलले. पण रडायला आलेलं, ओठ जागेवर राहीनात. आईने चष्मा काढून पुसला आणि पुढे वाकली.

"कळलं नाही. हळू सांग."

मी पुन्हा सांगितलं. तिला ताप आला नव्हता. ढेकूण नव्हते. ती मजेत होती.

"मजेत कोण होतं?"

"भिंगरी."

"मग तू असं का सांगितलंस?"

"मी तिच्यावर जळत होते."

"नीट तोंड उघडून सांग, मोठे."

मी कवळीतल्या एकेक दातासारखा एकेक शब्द सुटा करून सांगितला. मी. तिच्यावर. जळत होते. आईला या वेळी कळलं.

"आणि घोडे?" भिंगरी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी तुला विचारलं होतं. दोनदा विचारलं होतं, ताई."

मी टेबलावरचा अर्ज उगाच सरळ करत राहिले.

आईने किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मग उठून आपली खुर्ची फिरवली, पाठ माझ्याकडे, तोंड भिंगरीकडे. "पहिल्या दिवसापासून सांग," ती म्हणाली. "आता मी सगळं खरं मानेन."

भिंगरी सांगायला लागली. खोलीत आवाज म्हणून नव्हता. मला फक्त आईचा अंबाडा दिसत होता आणि त्याच्या एका बाजूने, तिरपं, भिंगरीचं तोंड. आईच्या चेहऱ्यावर आता काय असेल ते मला दिसणार नव्हतं, पण निदान भिंगरीचे ओठ वाचता येत होते. ती विमानतळावरच्या पहिल्या रात्रीपाशी आली होती. मी किल्ली हातात धरून तिथेच उभी राहिले, मला पुढचं हवं होतं. भिंगरीचं लक्ष गेलं. ती थांबली नाही, फक्त हात उचलून तिने तोंडाच्या कडेला आडवा धरला, माझ्या बाजूने, आणि पुढचं आईला सांगत राहिली.