न सापडणारी गळती

सिलेंडर उराशी धरून तिने तो वजनकाट्यावर टेकवला आणि काटा थांबायची वाट पाहत उकिडवी बसली. काटा थरथरला, स्थिरावला. परवापेक्षा पुन्हा कमी.

हा सिलेंडर तिनेच भरून आणला होता, बाबा गेल्यानंतर. घरामागे उभी असलेली त्यांची जुनी कॅराव्हॅन, प्रवासात राहायची चाकांवरची खोली, विकायची होती आणि गिऱ्हाइकाला गॅसची सगळी जोडणी तपासलेली हवी होती. आतली शेगडी कुणी पेटवत नव्हतं, हीटरही नाही. तरी गॅस कमी होत होता.

सिलेंडर जागेवर लावून ती आत गेली. वाटीत साबणाचं पाणी, हातात बाबांचा रंगाचा बारीक ब्रश. रेग्युलेटर, रबरी नळी, शेगडीमागचा सांधा. एकेका सांध्याला फेस लावून बुडबुडा फुगतो का ते ती पाहत होती. गॅस हवेपेक्षा जड, तो पाण्यासारखा खाली साचतो, म्हणून गाडीच्या तळालाच भोक ठेवलेलं असतं, हे ती शाळेत असताना बाबांनी तिला सांगितलं होतं. त्याच भोकात काल तिला एक टॉवेल कोंबलेला सापडला होता. बाबांनी असं कधीच केलं नसतं. तिने तो ओढून दाराबाहेर टाकला होता.

आज टॉवेल पुन्हा भोकात होता.

ती त्याच्याकडे बघत राहिली. काल काढला होता, की काढायचं नुसतं ठरवलं होतं? हल्ली तिचं असंच व्हायचं. दिवा लावल्याचं पक्कं आठवायचं आणि खोलीत अंधार असायचा.

दुपारी गॅसवाला आला. त्याने सगळे नॉब बंद केले, पाइपला दाबमापक लावला आणि दोघं सुईकडे बघत बसले. सुई हलली नाही. गळती नाही, असं त्याने सांगितलं. मग गॅस जातो कुठे, असं तिने विचारलं तेव्हा त्याने डोकं खाजवलं, स्वतःच वजनकाट्यावर उभा राहिला आणि काटा खोटा आहे असं जाहीर केलं, कारण आपण काही इतके जाड नाही. दारात उभी असलेली आई हसली. बऱ्याच दिवसांनी.

तो गेल्यावर आई कपाळ दाबत म्हणाली, "देऊन टाक तो डबा. असेल तसा नेऊ दे. हौस तुझ्या बाबांची. मला मेलीला तो उभा असला तरी मळमळतं."

आईचं डोकं हल्ली रोज दुखायचं. चष्म्याचा नंबर बदलला असेल, असं दोघींनी धरून चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ती नवा रेग्युलेटर आणायला गेली. दुकान बंद होतं. ती तशीच परतली आणि थेट कॅराव्हॅनमध्ये शिरली. हीटरखालचा सांधा तेवढा बघायचा राहिला होता. त्यासाठी पालथी झोपून तिने मान आत घातली, खांदा हीटरच्या जाळीला लागला आणि ती दचकून मागे सरली. जाळी चांगलीच गरम होती.

खिडक्या घट्ट बंद होत्या. टॉवेल भोकात होता. तिने खिसा चाचपला; तिची किल्ली तिच्याकडेच होती. बाबांची किल्ली घरात असायची.

आई स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून बटाटे सोलत होती. दुकान बंद असल्याचं तिने सांगितलं तशी आईने मान वळवली. आईच्या उजव्या गालावर उभ्या रेघा उमटल्या होत्या, बारीक, एकसारख्या. कॅराव्हॅनमधल्या बाकाच्या गादीचं कापड तसं रेघारेघांचं होतं. घरात तसं दुसरं काहीच नव्हतं.

"सापडली का गळती?" आईने विचारलं.

बुजवलेलं भोक, बंद खिडक्या, जुनाट हीटर आणि त्यापुढे झोपलेली आई. मग रोज उठून डबा देऊन टाक म्हणते ते काय? आपल्याला राग आलाय की रडू येतंय, हेही तिला कळेना.

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक होतं, शनिवारी गाडी न्यायला येऊ ना, असं विचारत होतं. आईची सुरी बटाट्यावर थांबली.

"नका येऊ," ती फोनवर म्हणाली. "गळती सापडत नाहीये. नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. अशी गाडी मी कुणाला देऊ शकत नाही."

आईने सालं गोळा करायला घेतली. "आणखी किती दिवस शोधणार आहेस?"

"शोधेन की. आणि तूही ये मदतीला. वाटी धरायला कुणीतरी लागतं मला. गॅसवाला येऊन जाईपर्यंत मात्र तिथं काही पेटवायचं नाही."

"मी कशाला पेटवतेय," आई म्हणाली.

गॅसवाल्याने दुसऱ्या दिवशी सकाळी हीटर उघडून साफ केला, धुराची नळी मोकळी केली, विषारी वायूचा अलार्म बसवला. गाडी विकायची नाही तर हा खटाटोप कशासाठी, हे त्याला उमगलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

मग ती आईला घेऊन आत गेली. टॉवेल काढून, घडी करून तिने आईच्या हातात दिला. हे भोक कधीच बुजवायचं नाही, पाय गारठले तर मोजे घालायचे. बंद जागेत हीटर पेटलेला असला की आधी नुसतं डोकं दुखतं, मग झोप लागते आणि त्या झोपेतून जाग येत नाही, असं तिने सांगितलं. सांगताना ती आईकडे बघत नव्हती. आई टॉवेलच्या घडीवरून हात फिरवत ऐकत होती.

"आता लावून बघू. तूच लाव."

"मला काय येतंय त्यातलं?"

तो नॉब हट्टी होता. दाबून धरावा लागे, ज्योत धरेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर विझे. तिला स्वतःला तो पहिल्या खेपेला कधी जमला नव्हता. हे सांगायला ती वाकली, तोवर आईच्या अंगठ्याने नॉब दाबला होता. आई थांबली. तिचे ओठ किंचित हलत होते. मग तिने अंगठा अलगद उचलला. ज्योत तशीच राहिली, निळी.

आईवरून नजर काढून ती वळली आणि खिडकीची काच बोटभर सरकवली.

"एवढी उघडी ठेवायची," ती म्हणाली. "आणि डोळे मिटायच्या आधी हीटर बंद."

"रोज?" आईने विचारलं.

"रोज."