मागचा डावा दिवा

"बाबा, मी उभी राहू का मागे?"

"नको. फळी आहे."

मुलगी हातात कप घेऊन पायरीवर उभी होती. मी ड्रायव्हरची सीट आणि ब्रेकचं पेडल यांच्यामध्ये, पेडल दाबलेलं राहील अशी, लाकडी फळी अडकवली आणि ट्रकच्या मागे गेलो.

एकतीस वर्षं मागचे दिवे तपासायचं हे काम दोघांचं होतं. मी केबिनमध्ये ब्रेक दाबायचो, बायको मागे उभी राहायची. बॅटरी म्हातारी, त्यामुळे इंजिन चालूच ठेवावं लागे आणि ओरडलेलं ऐकू येत नसे. म्हणून ती मागच्या फाळक्यावर थाप मारायची. उजवा दिवा लागला की एक, डावा लागला की दोन. नाही लागला तर सावकाश चालत पुढे यायची. "अहो, तुमचा डावा रुसलाय."

ती गेली त्याला आठ महिने झाले. तिच्या जागी मी पहिल्यांदाच उभा राहिलो. तिथून भिंतीवर पडलेला लाल उजेड दिसतो. इतकी वर्षं ती तो बघत होती, मला कधी बोलली नाही.

उजवा लख्ख होता. डावा नुसता मिणमिणत होता, आणि त्याच्या शेजारचा इंडिकेटर उगाचच अर्धवट उजळला होता. तीन दिवस हेच चाललं होतं. बल्ब बदलला, फ्यूज बदलला, केबिनपासून मागेपर्यंत वायर बोटांनी चाचपली. कुठेच तुटलेली नव्हती. उद्या आरटीओत पासिंग. गाडी नापास झाली तर ती भंगारात द्यायची आणि मी मुलीकडे राहायला जायचं, असं ठरलं होतं. मीच हो म्हणून बसलो होतो.

दुपारी केबिनमध्ये जरा डोळा लागला. लोकांची कपाटं, पलंग, आरसे लादून आम्ही कुठेतरी निघालो होतो. ती शेजारी होती. तेवढ्यात मागून दोन थापा आल्या. ती शेजारी असून मागे कशी, हे काही मला खटकलं नाही. "बरं," असं म्हणत मी जागा झालो.

"कुणाशी बोलताय?" मुलीने अंगणातून विचारलं.

"गाडीशी."

"ती काय म्हणते?"

"रुसलीय म्हणते."

मुलगी हसली नाही.

मी इंजिन चालू करून खाली उतरलो. वायरचा एक तुकडा घेतला, एक टोक दिव्याच्या पत्र्याला लावलं, दुसरं चेसिसच्या उघड्या बोल्टला. दिवा भडकन पेटला. म्हणजे दिव्याला अर्थिंग मिळत नव्हतं. दिव्यात आलेल्या विजेला परत जायला गाडीचं लोखंड लागतं. ती वाट अडली की वीज शेजारच्या दिव्यातून वाट काढते.

दिवा खोलला. खाली निळा रंग होता.

तो बायकोने दिलेला. मागच्या वर्षी, स्टुलावर बसून, कारण उभं राहवत नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीचा रंग उरला होता. "अगं, दिव्याच्या कडेने ब्रश फिरव की," मी म्हटलं होतं.

"कडेकडेने काय? तोंड न धुता पावडर लावल्यासारखं. द्या खोलून."

मी खोलून दिले. तिने रंगवलं, दुसऱ्या दिवशी दिवे स्वतः बसवले आणि एक डोळा मिटून लांबून बघितलं. अर्थिंगच्या वायरखाली रंग नको, हे मी सगळ्यांना सांगत आलोय. तिला नाही सांगितलं. खूश होती. चालेल म्हटलं. वर्षभर चाललंही.

रंगात ब्रशचा एक केस अडकला होता. बोल्टच्या भोकाशी तिच्या अंगठ्याचा ठसा होता. मी पॉलिश पेपर हातात धरून बसलो.

मुलगी शेजारी येऊन वाकली. तिला ठसा दिसला. "दुसरीकडे नाही का जोडता येत?"

"येतं की."

"मग?"

"तुझी आई म्हणाली असती, कडेकडेने काम केलंत."

मी घासायला लागलो. नाण्याएवढी जागा पुरते, त्याहून जास्त घासलं नाही. निळी पूड बोटांवर आली, खाली लोखंड चमकलं. ठसा अर्धा गेला, अर्धा राहिला. वायर घट्ट आवळली आणि दिवा बसवला.

या वेळी मुलगी न विचारताच मागे जाऊन उभी राहिली. मी केबिनमध्ये चढलो, फळी काढली, इंजिन चालू केलं आणि ब्रेक दाबला. आरशात तिचा खांदा लाल झाला. तिने तोंडाने काहीतरी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मग तिला आठवलं असावं. तिने फाळक्यावर थाप मारली.

एकच. डाव्याला दोन असतात, हे तिला कुठून ठाऊक असणार?

मी पाय दाबून धरला. ती खिडकीपाशी आली.

"लागलाय बाबा. चांगला लागलाय. सोडा आता पाय."

"हो," म्हटलं, आणि आणखी थोडा वेळ तसाच बसून राहिलो.