पत्तेअप्पाचं ‘न्हाई’

खजुरीत बसवण्णाच्या देवळापुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध पत्तेअप्पा डोळ्यांवर भगवी पट्टी बांधून बसलेला. कुणीही तीन पत्ते उचलून छातीशी धरावेत. तिन्ही एकाच जातीचे निघाले तर तो रंग. रंग आहे की नाही, हे अप्पा न बघता सांगायचा.

“न्हाई,” अप्पा म्हणाला. पत्ते उलटले. खरंच नव्हता. पुढच्यालाही “न्हाई.” तेही खरं. मग गावातल्या शिवलीलाच्या धाकट्या भावानं, बसवप्रभुनं पत्ते उचलून बघितले. त्याला जरा खोकला आला. अप्पाच्या अंगावर शहारा आला. “हाय. रंग हाय.” आणि होता. लोकांनी हात जोडले. एखाद्या वेळी चुकलंच तर अप्पा पत्ते धरणाऱ्यावर डाफरायचा, “मनात शंका आणलास. रंग पळाला.”

पत्त्यांच्या आरपार बघणाऱ्याला माणसाच्या आतलं का दिसू नये? आजारी लोकांची रांग लागली. शिवलीलाच्या छातीत गाठ हाताला लागत होती. बसवप्रभुच तिला घेऊन गेला.

“वाईट काई न्हाई,” अप्पानं हवेत हात फिरवला. “दवाखान्याच्या नादी लागू नको.”

ती हलकी होऊन घरी आली. गाठ मात्र वाढत राहिली.

शेवटी कलबुर्गीला डॉक्टर राजश्रींनी तपासून कर्करोग असल्याचं सांगितलं. “आधी आला असता तर एवढं कापावं लागलं नसतं.”

शिवलीलाची मुलगी शैलश्री तिथंच कॉलेजात गणित शिकत होती. तिनं खाटेवर पत्ते पिसले आणि तीन-तीन टाकत गेली. “अव्वा, न बघता नुसतं न्हाई म्हण.”

शिवलीला म्हणत गेली आणि खरी ठरत गेली.

“वीसेक हातांत एखाद्यालाच रंग येतो,” शैलश्री म्हणाली. “न्हाई म्हणणारा एरवी खराच ठरतो. गाठी पण बहुतेक साध्याच असतात.”

“पण तो ‘हाय’ पण म्हणायचा की.”

“पत्ते कुणाकडं असताना?”

शिवलीलाचा चेहरा उतरला. दर वेळी बसूकडंच, तिच्या भावाकडंच. आणि तेव्हाच त्याला खोकला यायचा.

भाऊ भेटायला आल्यावर तिनं विचारलं, “खोकून सांगायचास, व्हय?”

त्यानं खाली बघतच मान डोलावली.

“मग मला तिथं कामून नेलास?”

“तुला खरंच काई असंल असं वाटलं न्हाई, अक्का. बहुतेकांना नसतंच.”

तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. कडेवर खेळवलेल्या भावानं तिचा जीव पणाला लावला होता, आणि तोही सहज.

टाके निघाल्यावर ती देवळापुढच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. अप्पाची ‘शंका, शंका’ सुरू झाली, तिनं तिकडं लक्ष दिलं नाही.

“बायांनो, रंग क्वचित येतो, म्हणून ह्याचं न्हाई खरं होतंय. हाय म्हणतो ते माझ्या भावाच्या खोकल्यावर. पण जिला खरंच आजार हाय, तिनं काय करायचं? गाठ डॉक्टरला दाखवा. न्हाई म्हणायचंच असंल तर तपासून म्हणू दे.”

मग रांगेतली एक सून पदर सावरत बाहेर आली. “कुठल्या डॉक्टरकडं जाऊ, अक्का?”